वेढ्यातल्या गावात घेतलेलं शेत

अध्यक्षमहाराज, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि खेडकर मंडळी,

सरकारी कागदावर गाव राजगुरुनगर झालं त्याला खूप वर्षं लोटली, तरी एसटीचा कंडक्टर अजून ‘खेड, खेड’ असंच ओरडतो. म्हणून मीही धिटाईने खेडकर म्हणतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांना हे चाललं असतं, असं त्यांचे विद्यार्थी मला सांगतात.

विषय मला देण्यात आला तो असा: कठीण काळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारी आशा. मी ख्रिस्ती घरातला नाही. माझं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, आणि मराठी शिकवणाऱ्याला लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई टाळता येत नाहीत. कुणी टाळत असेल तर त्याने अर्धंच एकोणिसावं शतक शिकवलं, असं माझं मत आहे. तेव्हा मी प्रवचन करायला आलेलो नाही, तो माझा अधिकारही नाही. दुष्काळ आणि प्लेग ज्यांच्या दारात येऊन गेले अशा मराठी माणसांनी या श्रद्धेचं काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी आपल्याच तालुक्यातली एक जागा घेऊ. चाकणच्या कारखान्यांच्या पाठीशी भामचंद्राचा डोंगर उभा आहे. पहिली पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या त्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवरून धुरळा उडवत जातात. त्या डोंगरावर तुकोबा बसत. १६२९-३० च्या दुष्काळाने त्यांची पहिली बायको नेली, मुलगा नेला, दुकान बुडवलं. त्यानंतरचे तुकोबा आपल्याला माहीत आहेत. त्यांचं आधीचं सुखवस्तू वाण्याचं आयुष्य फारसं कुणाला माहीत नाही, आणि त्याची कुणाला गरजही वाटत नाही. मराठी भक्तीचा एक मोठा झरा दुष्काळातून फुटलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत असत. म्हणजे आजचा विषय परक्या मुलखातला आहे असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी तो पूल या तालुक्यातून जातो हे ध्यानात ठेवावं.

आशा हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. ‘होईल सगळं ठीक’ असं म्हणणं म्हणजे आशा देणं, असा आपला समज आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं! म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की हे खरं नाही, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि दोघंही चहा घेतात. बायबलमध्ये आशेची एक गोष्ट आहे तिच्यात असं गोड वाक्य कुणीच बोलत नाही. ती जमिनीच्या व्यवहाराची गोष्ट आहे, त्यामुळे खेड तालुक्यात ती समजावून सांगायला मला त्रास पडणार नाही.

यिर्मया नावाचा संदेष्टा. यरुशलेम शहराला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. शहर पडणार, राजा धरून नेला जाणार, हे यिर्मया वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि त्याच अपराधासाठी त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबून ठेवलेलं होतं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ गावातलं माझं शेत तू घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. ते शेत शत्रूच्या फौजेच्या ताब्यातल्या मुलखात! आजच्या भाषेत सांगायचं तर बुडीत क्षेत्रातला सातबारा. आणि यिर्मया तो व्यवहार करतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. मग बारूख नावाच्या आपल्या लेखनिकाला तो सांगतो, हे दोन्ही कागद मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत.

शहर पुढे पडलंच. यिर्मयाचं भविष्य खरं ठरलं. त्या शेतात त्याने स्वतः कधी पेरणी केली असं कुठे लिहिलेलं नाही. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे यांचे व्यवहार होतील, एवढाच त्या खरेदीचा अर्थ होता. कनेरसर, निमगाव, दावडीकडच्या मंडळींनी सेझच्या निमित्ताने जमिनीचे कागद किती हातांतून फिरतात ते पाहिलं आहे. भाव वाढेल म्हणून जमीन घेणारे आपण रोज पाहतो. भाव शून्यावर आलेला असताना, चालू बाजारभाव न विचारता, रीतसर साक्षीदार लावून जमीन घेणारा माणूस वेगळा. ख्रिस्ती परंपरेतली आशा मला तिथे दिसते. त्या माणसाचा अंदाज काळाकुट्ट आहे आणि तरी त्याच्या हातात खरेदीखत आहे.

आता केडगावकडे येतो. भीमाशंकरला उगम पावलेली आपली भीमा खेडवरून पुढे दौंड तालुक्यात जाते. त्या तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी अठराशे नव्वदच्या दशकात शंभरेक एकर माळरान घेतलं. त्याची हकिगत नीट समजायची तर वीसेक वर्षं मागे जायला हवं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत पायी फिरे. सत्तरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी उरलं नाही, दक्षिणा देणारं तर नाहीच. जे होतं ते दानधर्मात आणि देवदेवतांच्या सेवेत गेलं होतं, उपासतापास चालूच होते. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उत्तरेकडे चालत निघाली. अंगावर पांघरायला काही नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून दोघांनी गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि रात्रीची थंडी काढली, असं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ हे जेवण.

इथे एक गोष्ट नोंदवायची. या दुष्काळाने रमाबाईंना श्रद्धा दिली नाही, उलट होती ती काढून घेतली. शास्त्रात सांगितलं ते सगळं केलं, कसूर केली नाही, आणि तरी आईबाप उपाशी मेले. त्या मुलीच्या मनात हिशेब जुळेना. १८७८ मध्ये दोघं बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचली, तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हारतुरे झाले. पण आत देव्हारा रिकामा होता. संकट आलं की माणूस देवाकडे वळतो, असं आपण सरधोपट म्हणतो. कित्येकदा तो पाठ फिरवतो, आणि त्यालाही सबळ कारण असतं.

पुढची चार वर्षं धावत सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. सिल्चरच्या त्या घरी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती आली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी राहिली. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्या राहत. बरोबर आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथेच आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ख्रिस्ती होण्याची सुरुवात अशा काळ्या दिवसांत आहे.

त्यांना कशाने ओढलं? त्यांनीच सांगितलेला प्रसंग लंडनजवळच्या फुलहॅमचा. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी तिथे घर चालवलं होतं. रमाबाईंना हे नवीन होतं. आपल्याकडे अशा बाईला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त होतं, घर नव्हतं. असं का करता, म्हणून विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परजातीची, भर दुपारी एकटी पाणी भरायला येणारी बाई. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाई तिथे थबकल्या. पुढे केडगावला त्यांनी कृपासदन काढलं ते अशाच स्त्रियांसाठी.

पण बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं मिळालं असंही त्यांनी मानलं नाही. वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचं कडाक्याचं पत्रयुद्ध चाललं. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणाल्या, बिशपांची आज्ञा डोळे मिटून मानणार नाही म्हणाल्या. शाकाहार तर त्यांनी कधी सोडलाच नाही. आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. वाद घालणारी, हट्टी, तर्काने चालणारी ही बाई. तिची श्रद्धा भाबडी होती असं म्हणणाऱ्याने तिची पत्रं वाचलेली नसतात.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईला चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन ही शाळा काढली. अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून केसरीने रान उठवलं. रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतल्या मंडळींनी दिलेलं मदतीचं वचन दहा वर्षांचं होतं, ते १८९८ ला संपणार होतं. त्याच्या आत संस्थेला स्वतःच्या पायावर उभं करायचं म्हणून केडगावची जमीन. फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत. बाई विधवांची शाळा चालवते की शेती करते, असं पुण्यात कुणी म्हटलं नसेल तर नवलच.

आणि १८९६ ला पाऊस गेला.

मध्य प्रांतात माणसं मरू लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. स्वतःच तिकडे गेल्या. रस्त्याच्या कडेला, धर्मशाळांत, मदतकामांवर मुली पडलेल्या होत्या. कुणाला दलाल नेत होते, कुणाला कुणीच नेत नव्हतं. त्यांनी शेकडो मुली-बायका पुण्याला आणायला सुरुवात केली. तेवढ्यात पुण्यात प्लेग. १८९७ सालचं पुणं म्हणजे रँडची पथकं, घरोघर झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या. शहरात एवढी माणसं एका जागी ठेवायला सरकारची मनाई. छावणीत आपल्या मुलींची काय गत झाली यावर रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिलं, ते विलायतेपर्यंत गाजलं. सरकारला ते झोंबलं. केसरीला जिने एवढा मनस्ताप दिला होता तीच बाई आता सरकारलाही नकोशी झाली. आपल्याकडे इतिहासाची विभागणी करताना रमाबाईंना कोणत्या खणात ठेवायचं हा घोळ अजून मिटलेला नाही, त्याचं हे एक कारण.

मग मुली केडगावच्या मळ्यात गेल्या. तिथे इमारत नव्हती. तंबू, छपरं, चिखल. मळा लावला होता तो संस्थेच्या खर्चासाठी. आता तोच मळा संस्था झाला. त्याला नाव पडलं मुक्ती. विहिरी खोदल्या, आंब्या-संत्र्यांच्या शेजारी वसतिगृहं उठली. तेवढ्यात १८९९-१९०० चा दुष्काळ आला, हा गुजरातपर्यंत पसरलेला. पुन्हा माणसं आणायला गाड्या निघाल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार माणसं होती. दोन हजार माणसांची रोजची भाकरी म्हणजे किती दळण, किती सरपण, किती पाणी, याचा अंदाज इथल्या कारखान्याचं कँटीन चालवणाऱ्याला येईल. त्यांतल्या कित्येक मुली आल्या तेव्हा चालता येत नव्हतं, कित्येकींना भाषा कळत नव्हती, काही रागाने चावत, काही अन्न चोरून लपवून ठेवत. उपाशी राहिलेलं मूल दुसऱ्या घासाची हमी कधीच धरत नाही. त्यांना विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, शेती, छापखाना अशी कामं शिकवली. अंध मुलींसाठी मनोरमाने ब्रेल लिपीची सोय केली.

आता ज्यांच्या मनात प्रश्न आला असेल आणि भिडेपोटी जे विचारणार नाहीत, त्यांच्या वतीने मीच विचारतो. ही पोटासाठी धर्म बदलण्याची गोष्ट नाही का? उपाशी पोराला भाकरी द्यायची आणि मग प्रार्थनेला बसवायचं, याला आशा म्हणायचं?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या तोंडाने ‘नको’ म्हणण्याचं बळ ज्या मुलीत उरलेलं नाही तिच्या ‘हो’ची किंमत किती, हे कुणीही प्रामाणिक ख्रिस्ती माणूस स्वतःला विचारतो. मुक्तीत १९०५ मध्ये धर्मजागृतीची मोठी लाट आली, शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत. त्यातलं किती आतून आलं आणि किती एकमेकींचं पाहून, हे सांगता येत नाही. पण दोन गोष्टी दुसऱ्या पारड्यात टाकाव्या लागतात. एक, रमाबाई स्वतः उपाशी होत्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा त्यांच्याकडे नाव होतं, पदव्या होत्या, आणि त्या एका पावलाने त्यांनी पुण्यातला बहुतेक सगळा मान घालवला. त्यांची बाजू घेणारा मोठा माणूस एकच आठवतो, जोतीराव फुले. त्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ती घेतली. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. त्या मुलींना आणायला दुसरं कोण गेलं होतं? कमी लोक गेले. धर्म बाटेल या काळजीने जे लिहीत होते त्यांच्या लेखण्या चालल्या, बैलगाड्या फारशा चालल्या नाहीत. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, आपला लाजिरवाणा हिशेब म्हणून सांगतो.

श्रद्धा म्हणजे तक्रार न करणं, असाही एक समज ख्रिस्ती लोकांविषयी आहे, आणि काही ख्रिस्ती लोकांचाही आहे. त्यांचं पुस्तक तसं सांगत नाही. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं उघडून पाहा, त्यांतली बरीचशी गाऱ्हाणी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. येशू वधस्तंभावर जे ओरडला ते बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे, आणि ती तक्रार आहे. आपल्याला हे ओळखीचं वाटावं. विठ्ठलाशी भांडल्याशिवाय आपल्या संतांचा दिवस जात नसे. ज्याच्याकडे गाऱ्हाणं घालता येतं तो आहे, हीच मुळात आशेची पहिली पायरी. भिंतीशी कुणी भांडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे पावलोपावली दिसतं. नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, न सांगता ख्रिस्ती झाला. त्या काळच्या बाईला हे वैधव्यापेक्षा वाईट. कुंकू आहे आणि संसार नाही. मधली काही वर्षं त्यांनी वेगळी काढली, काही काळ पंढरपुरात. नवऱ्यावर चिडल्या, रडल्या, कविताही केल्या. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, कुणी वाद जिंकला म्हणून नव्हे. विचार करता करता त्यांना वाटलं की माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला असणार नाही, आणि ज्या दिवशी सोवळं सुटलं त्या दिवशी पुढचा रस्ता मोकळा झाला. मग घरात ज्याची त्याची पोरं आणून वाढवली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आलेला पाहुणा रिकाम्या हाती जात नसे, आणि घरात पीठ आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसे. लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. त्या बाईची आशा विनोदाच्या रूपाने बाहेर येते. प्लेगच्या आणि गरिबीच्या दिवसांचं वर्णन वाचताना आपण खळखळून हसतो आणि मग हसलो म्हणून ओशाळतो. टिळक १९१९ ला गेले, ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अगदी सुरुवातीलाच अर्धवट राहिलेलं. फारसं शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि त्याचा बहुतेक सगळा भाग त्यांच्या हातचा आहे. माझ्या मते मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा सगळ्यात ताजा आवाज टिळकांचा नाही, लक्ष्मीबाईंचा आहे. टिळकांचे चाहते माफ करोत.

आता आपल्याकडे. चाकण, भोसरी, पिंपरी हा सगळा पट्टा पाहिला तर पूर्वीसारखा दुष्काळ नाही. भुकेने रस्त्यावर कुणी पडलेलं दिसत नाही. पण ठेकेदाराकडे लागलेल्या पोराला विचारा. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर रांग. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, गावी आईचं औषध. कंपनीची मागणी घटली की आधी त्याचं ओळखपत्र काढून घेतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याच नाशिक रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेऊन लोक चालत निघालेले आपण पाहिले. त्या माणसाला ‘होईल सगळं ठीक’ हे कोण सांगणार?

सांगणारे आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी, मल्याळम, तमिळ, इंग्रजी उपासना चालतात आणि तिथे जाणारे बहुतेक साधे, कष्टाचे लोक. पण अलीकडे देवाच्या नावाने पैसा, परमिट, परदेश आणि बरं होण्याची हमी देणाऱ्या सभाही भरतात. नोकरी लागली तर देवाची कृपा, नाही लागली तर तुझाच विश्वास कमी. हे सगळ्या धर्मांत चालतं, बुवांना धर्म नसतो. यिर्मयाने असल्या लोकांशी आयुष्यभर भांडण केलं होतं. शांती नसताना शांती आहे म्हणून सांगत फिरणारे संदेष्टे त्याच्याही गावात भरपूर होते आणि त्यांना गर्दी जास्त होती.

या गावात बोलताना आणखी एक अडचण मला टाळता येत नाही. भीमाकाठच्या त्या वाड्यात जन्मलेला शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ ला फासावर गेला तेव्हा बाविशीत होता. स्वातंत्र्य आपल्याला दिसणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच दिवशी त्याच्याबरोबर गेलेल्या भगतसिंगांनी तर आपण नास्तिक का आहोत हे तुरुंगात बसून लिहून ठेवलं. म्हणजे वेढ्यातल्या गावात शेत घेणं देवाशिवायही जमतं. जमलेलं आहे. मग श्रद्धा त्यात काय घालते?

याचं उत्तर मी रमाबाईंच्या वतीने देऊ पाहतो, चूक असेल तर माझी. बाविसाव्या वर्षी एकदा मरण पत्करणं हे महान आहे, त्यापुढे मान लवते. पण दोन हजार पोरींना रोज सकाळी उठवणं, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढणं, त्यांतली जी मरेल तिला पुरणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी तापवणं, हे वीस-पंचवीस वर्षं करायचं तर माणसाला एकट्याच्या धैर्यावर जमत नाही. आपलं आपल्याला वाटणारं मोठेपण सहा महिन्यांत झिजतं. रमाबाईंना आपण हे काम कुणाच्या तरी वतीने करतो आहोत असं वाटे, आणि त्या धन्याचे खांदे आपल्यापेक्षा रुंद आहेत असं वाटे. हे खरं की खोटं हे सिद्ध करून दाखवणं माझ्या आवाक्यातलं नाही. त्या वाटण्यावर विहिरी खोदल्या गेल्या, हे मात्र केडगावला जाऊन पाहता येतं. संस्था आजही चालू आहे.

शेवटी त्यांच्या शेवटच्या खरेदीखताविषयी बोलून थांबतो. चालू मराठी बायबल शेतावरच्या बाईला कळत नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. ते साध्या मराठीत आणायचं म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. कान जवळजवळ गेलेले, तब्येत खालावलेली. भाषांतर त्यांचं, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्या मुली, छपाई तिथेच. ज्या पोरी दुष्काळातून उचलून आणल्या होत्या त्यांतल्या कित्येक आता मुद्रणदोष काढत होत्या. काम चालू असताना, २४ जुलै १९२१ ला, मनोरमा गेली. आईच्या पश्चात संस्था हीच चालवणार हे ठरलेलं होतं. चाळिशीतली एकुलती एक मुलगी. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता ही. रमाबाईंनी मुद्रितं तपासण्याचं काम थांबवलं नाही. ते आटोपल्यावर ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं.

मराठी चर्चमधून आज ते भाषांतर फारसं वाचलं जात नाही. बायबल सोसायटीचंच चालतं. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एखादं वाक्य मिळालं तर मिळतं. एकट्या बाईने मूळ भाषांमधून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि तिच्या स्वतःच्या माणसांनी ते कपाटात ठेवलं. एखाद्या ग्रंथालयात ते दिसलं तर उघडून यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय जरूर वाचा. मडक्यात ठेवलेल्या कागदांची गोष्ट तिथेच आहे, आणि खेडमधल्या कुठल्याही शेतकऱ्याला शब्दकोशाशिवाय कळेल.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर मी बसतो. विशेषतः पोटासाठी धर्म बदलण्याच्या मुद्द्यावर ज्यांचं समाधान झालेलं नाही त्यांनी आधी विचारावं.